रॅम्प आहे, पण चढता येतो का?

महोदय,

यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत माहिती भरताना रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का, दिव्यांग मुलांसाठी शौचालय आहे का, हे विचारले जाते. ‘हो’ भरले की बहुतेक ठिकाणी विषय मिटतो. उतार किती, हे कोणी पाहत नाही आणि घोडे तिथेच पेंड खाते.

उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे जोते ४५ सेंमी उंच असेल, तर रॅम्प ५ मीटर ४० सेंमी लांब हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांशेजारी दोन-सव्वादोन मीटर जागा उरते आणि मिस्त्री तेवढ्यातच उतार बसवतो. तो १:५ भरतो. त्यावर चाकांच्या खुर्चीतले मूल स्वतः चाके फिरवून चढू शकत नाही. उतरताना मागच्याचा हात सुटला, तर खुर्ची थेट अंगणात. समोर जागा नसेल तर रॅम्प भिंतीलगत न्यावा, नाहीतर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवावा.

तपासणी सोपी आहे. १२० सेंमी लांबीची सरळ पट्टी घ्या. एक टोक रॅम्पवर चढाच्या बाजूला टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी आडवी करा आणि उताराकडच्या टोकाखालची फट मोजा. ती १० सेंमीहून जास्त भरली तर रॅम्प नापास. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही हे सहज जमेल.

पायथ्याची माती पहिल्या पावसात वाहून जाते, दोन बोटे उंचीची पायरी तयार होते आणि खुर्चीची पुढची लहान चाके तिथे अडतात. म्हणून खाली कोबा हवा आणि वर दारासमोर दीड मीटर चौरस सपाट जागा. चकचकीत टाइल तर नकोच (उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते, एवढेच). ओल्या सिमेंटवर खराटा ओढलेला बरा.

शौचालयाचे दार आत उघडत असेल, तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. दार बाहेर उघडणारे हवे, मोकळी रुंदी ९० सेंमी. आणि आत मोडके बाक रचून कुलूप लावलेले नसावे!

इमारत व परिसर दिव्यांगांना वापरता येईल असा ठेवणे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे. तेव्हा मोजमाप पुस्तिकेत रॅम्पची उंची, लांबी आणि उतार हे तिन्ही आकडे नोंदल्याशिवाय जिल्हा परिषदेने ठेकेदाराचे अंतिम बिल काढू नये.

– एक स्थापत्य अभियंता, सांगली