बागेच्या मंजुरीतच माळ्याच्या पगाराची तरतूद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांतील गरीब आणि दाट वस्त्यांमध्ये उद्याने व्हावीत, याला उघड विरोध कोणीच करत नाही. घोडे अडते ते निधीच्या वाटपापाशी. अनेक शहरांत उद्यानांसाठीचा पैसा बांधकामांवरील विकास शुल्कातून, प्रायोजकांकडून किंवा स्थानिक रहिवाशांनी काही वाटा उचलावा अशी अट असलेल्या योजनांतून येतो. जिथे नव्या इमारती उभ्या राहतात तिथे शुल्क जमते, जिथे खर्च करणारे ग्राहक असतात तिथे प्रायोजक येतात आणि ज्यांच्या गाठीशी पैसा आहे तेच आपला वाटा भरू शकतात. त्यामुळे घराघराला अंगण असलेल्या भागात आणखी एक बाग होते आणि एका खोलीत सहा जण राहतात त्या वस्तीतली मुले रस्त्याच्या कडेलाच खेळत राहतात. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे मला वाटत नाही, पण नियम असे असतील तर निकाल याहून वेगळा लागणार नाही.

पैसा नाकारल्याचे परिणाम किती काळ टिकतात, हे अमेरिकेत दिसून आले आहे. तेथे १९३० च्या दशकात काही वस्त्या कर्जासाठी ‘धोकादायक’ ठरवण्यात आल्या. १०८ शहरी भागांचा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या वस्त्यांमधील जमीन उन्हाळ्यात इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापते. झाडांची कमतरता आणि डांबर-काँक्रीटचा पसारा ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

जागा नाही, ही सबबही पूर्णपणे पटण्यासारखी नाही. फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंड निवडून त्यांतील काहींवर गवत, थोडी झाडे आणि लाकडी कुंपण एवढेच करण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, अशा भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये मन खिन्न असल्याची तक्रार सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळली. नुसता कचरा उचललेल्या भूखंडांभोवती मात्र असा लक्षणीय फरक दिसला नाही.

खरी मेख देखभालीत आहे. लोखंडी जाळीत उभी राहिलेली वाळकी काडी आणि तिच्याशेजारी उद्घाटनाचा अजून चकाकणारा फलक, हे दृश्य पाहिले की मन विषण्ण होते. रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे, पण ते मूळ धरेपर्यंत पहिली दोन-तीन वर्षे नियमित पाणी लागते आणि खोड जाडावले की जाळी वेळीच काढावी लागते, नाहीतर तीच सालीत रुतते. भांडवली खर्चाला मंजुरी मिळते आणि माळ्याचा पगार, पाणी, दिवे, झाडलोट हा महसुली खर्च पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलला जातो. श्रीमंत वस्तीत ही तूट रहिवासी संघ भरून काढतो. गरीब वस्तीत मात्र बागेला कुलूप लागते आणि ‘या लोकांना बाग सांभाळता येत नाही’ असा ठपका तेथील रहिवाशांवरच येतो. हा ठपका मला अतिशय अन्यायकारक वाटतो.

म्हणून आपल्या पत्राच्या माध्यमातून नगरप्रशासनांना विनंती आहे की, उद्यानांचा निधी कोणत्या भागातून किती शुल्क जमले यावर वाटू नये. दरडोई मोकळी जागा, सावली आणि घरापासूनचे अंतर पाहून तो द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी असे सुचवले आहे. तो निकष मोजायला सोपा आहे. बागेमुळे भाडी वाढून मूळ रहिवाशांवरच घर सोडण्याची वेळ येऊ नये, याचीही काळजी आधीच घ्यावी लागेल. आणि किमान पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद नसलेला एकही प्रस्ताव यापुढे मंजूर करू नये.

आपला,
एक नियमित वाचक