डिझेल गाडीत चुकीचं कूलंट टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख यांस,

नमस्कार साहेब. माझी गाडी तुमच्याच कंपनीची, बीएस-६ डिझेल, २०२१ची आहे आणि आजपर्यंतची प्रत्येक सर्व्हिस तुमच्या अधिकृत सेंटरलाच केलीय, बाहेर कुठे साधा ऑइल फिल्टरसुद्धा बदललेला नाही, म्हणून हे पत्र लिहायला जास्त वाईट वाटतंय.

६० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, मिनिमम मार्कच्या जरा खाली होतं. कंपनीतून आलेलं कूलंट गुलाबी होतं हे मला पक्कं माहितीय कारण मी दर महिन्याला बॉनेट उघडून बघतो. गाडी ताब्यात घेताना कूलंटच्या टाकीत बघितलं तर रंग कसातरीच मातकट, मी लगेच ॲडव्हायझरला विचारलं तर म्हणाला "काका कूलंट कमी होतं म्हणून हिरवं टाकलंय, कूलंट म्हणजे कूलंट, सगळ्या गाड्यांना चालतं". आणि वर पाणी कुठलं टाकलं विचारलं तर वॉशिंगच्या नळाकडे बोट. आमच्या मिरजेकडचं बोअरचं पाणी कसं आहे ते इथल्या कुठल्याही बाईला विचारा, हिटरच्या कॉइलवर दोन महिन्यात पांढरा थर बसतो, तेच पाणी तुम्ही इंजिनात घातलं!

बिलावर फक्त "कूलंट १ लिटर". कुठलं, कुठल्या ग्रेडचं, काही नाही.

पाच आठवड्यांनी गणपतीपुळ्याहून परत येताना आंबा घाट चढत होतो, गाडीत पाच माणसं, एसी चालू, आणि अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा जो वर गेला तो खाली यायलाच तयार नाही. एसी बंद केला, हिटर फुल्ल केला तर हिटरमधून गार हवा, तेव्हाच समजलो की पाणी फिरतच नाहीये आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. आई ७४ वर्षांची, नातू चार वर्षांचा, तासभर वळणावर दगडावर बसून होते, शेजारून ट्रक जातायत. रेडिएटरचं झाकण मी गरम असताना उघडलं नाही, उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं. शेवटी टो करून मलकापूरला नेली, तिथल्या मेकॅनिकने गार झाल्यावर झाकण काढलं तर आत चहाच्या गाळासारखा चिकट थर, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) अडकलेला आणि रेडिएटर खालून निम्मा बंद.

आता साहेब, हे मी तुम्हाला सांगावं हेच चुकीचं आहे पण तुमच्या माणसाला माहीत नाही म्हणून सांगतो. रंगाला काही अर्थ नाही, तो नुसता डाय असतो, एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं असू शकतं आणि दुसऱ्या कंपनीचं हिरवं ऑरगॅनिक ॲसिडवालं. बघायचं ते मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन. जुनं सिलिकेटवालं साधारण दोन वर्षं टिकतं, ऑरगॅनिकवालं पाच वर्षंसुद्धा जातं, दोघांची गंज थांबवायची रीत वेगळी आहे. मिसळलं की दरवेळी गाळ होतोच असं मी म्हणत नाही, पण गंजरोधक कमजोर पडतं आणि कधीकधी जेली धरते, त्यात क्षाराचं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसणारच. शिवाय आत्ताच्या डिझेलला ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग), ॲल्युमिनियमचा रेडिएटर, आणि ईजीआर कूलर, ज्याच्या बारीक नळ्यांतून हेच कूलंट धुराड्याचा गरम गॅस गार करतं. तिथे थर बसला की काय होणार? अर्धं कूलंट अर्धं डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी असेल तर ते साधारण १०८ डिग्रीला उकळतं आणि झाकणाच्या प्रेशरमुळे १२०च्याही पुढे तग धरतं, नुसतं पाणी वाढवत गेलं की तेवढी ताकद राहत नाही. ते प्रमाण तपासायला रिफ्रॅक्टोमीटर असतो, छोटंसं यंत्र, दोन थेंब लागतात. तुमच्या सेंटरला मी विचारलं तर तिथे कोणी नावही ऐकलेलं नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, दोनदा फ्लशिंग, टोइंग मिळून मला २१,४०० रुपये खर्च आला. नशिबाने हेड गास्केट, म्हणजे इंजिन आणि हेडमधलं सील, वाचलं, वेळेत गाडी बंद केली म्हणून. सेंटरवर तक्रार केली तर मॅनेजर म्हणतात "बाहेर काम केलंत, आता आम्ही जबाबदार नाही". अहो घाटात गाडी बंद पडल्यावर मी काय तुमच्या सेंटरपर्यंत ढकलत आणायची होती का?

मला माझे २१,४०० परत पाहिजेत, ईजीआर कूलर आणि वॉटर पंप तुमच्या इंजिनिअरने उघडून फुकट तपासून लेखी द्यावं, आणि त्या सेंटरच्या प्रत्येक जॉब कार्डवर यापुढे कूलंटचं पूर्ण नाव आणि स्पेसिफिकेशन लिहिलं जावं, कारण त्याच आठवड्यात तिथे माझ्यासारख्या अजून किती गाड्यांत तो हिरवा कॅन ओतला गेला असेल, त्या लोकांना फोन करून बोलवा, त्यांना अजून माहीतसुद्धा नसेल. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

सोबत जॉब कार्ड, दोन्ही बिलं आणि फोटो जोडलेत. रेडिएटरमधून निघालेला गाळ एका बाटलीत भरून ठेवलाय, कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं म्हणून नातवाच्या आणि कुत्र्याच्या तोंडाला लागू नये अशी माळ्यावर ठेवलीय, तुमचा माणूस आला की काढून देतो.

आपला,
मिरजेचा एक ग्राहक