मानसोपचाराच्या केसपेपरवर हिरड्यांचे तीन प्रश्न हवेत

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मानसोपचार ओपीडीत रुग्ण गोळ्या संपल्या की पुन्हा येतोच. झोप, भूक, मूड यांची चौकशी होते, तोंड मात्र सहसा कुणी उघडून पाहत नाही.

नैराश्यात आंघोळ जड वाटते, तिथे ब्रश कुठला? दातांवरचा थर दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर निरोगी हिरडीही सुजते. इथवरचं बिघडलेलं सफाईने सुधारतं. पुढे थराचं कीटण होतं, हिरडी दातापासून सुटते, हाड झिजतं. ते हाड मग सहसा भरून येत नाही. त्यात तंबाखू. सिगारेट-विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार झाकून राहतो.

औषधांचाही वाटा आहे. नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, मानसोपचाराच्या औषधांनी येणाऱ्या थरथरीवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी तोंड कोरडं पडतं; रुग्ण लिमलेटच्या गोळ्या चघळतो आणि दात किडतात. फिटसाठीच्या फेनिटॉइनने हिरड्या दातांवर चढतात, थर असेल तिथे जास्तच. पण तेवढ्यावरून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हेही रुग्णाला तिथेच सांगायला हवं. हिरड्या बऱ्या झाल्या की नैराश्य जाईल, असा आमचा दावा नाही.

मागणी साधी आहे. केसपेपरवर तीन प्रश्न छापा: ब्रश करताना रक्त येतं का, तोंड कोरडं पडतं का, मिश्री लावता का? एकालाही 'हो' आलं तर त्याच दिवशी दंत विभागात पाठवा. वेगळी तारीख म्हणजे पुन्हा बसभाडं आणि बुडालेली मजुरी. रुग्ण येत नाही. तिथे हिरडीची खोली मोजायच्या बारीक काडीवर, म्हणजे डब्ल्यूएचओ प्रोबवर, ३.५ ते ५.५ मिलिमीटरचा काळा पट्टा असतो. तो हिरडीखाली जायला लागला की दात आणि हिरडीमध्ये कप्पा तयार झालाय, नुसत्या ब्रशने भागणार नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत प्रत्येकाला नाव लिहिलेला मऊ ब्रश आणि किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट द्या. रात्रीच्या ब्रशला परिचर सोबत असावा. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या ब्रशची जागा घेत नाहीत, आणि फार दिवस चालल्या तर दात तपकिरी होतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१ मनोरुग्णाला इतर रुग्णांच्या बरोबरीची वागणूक देतं. दातांचे उपचार त्यातून वगळलेले नाहीत.

हात थरथरणाऱ्यांसाठी ब्रशच्या दांड्यावर सायकलची रबरी मूठ चढवली तरी पकड येते. त्याला निविदा लागत नाही.

आपले,
दंतवैद्य व मानसोपचारतज्ज्ञ