सूचनेची खिडकी बंदच होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आई एका सार्वजनिक सेवेचे बिल आयफोनवरून भरायला बसली असता संकेतस्थळ उघडताच स्क्रीनभर सूचना आली आणि ती बंद करण्याचे बटण सफारी या ब्राउझरच्या तळच्या ॲड्रेस बारमागे दडल्यामुळे मागचे पानही सरकेना व पुढेही जाता येईना. तीच सूचना संगणकावरील क्रोममध्ये बिनतक्रार बंद झाली. ‘माझंच काहीतरी चुकलं’ असे आई म्हणत राहिली, याचे फार वाईट वाटले.

मी संकेतस्थळे बांधण्याचेच काम करतो, म्हणून सांगतो की दोष तिचा नव्हता. खिडकीची उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे पडद्याच्या दिसणाऱ्या भागाएवढी पूर्ण, अशी दिली की आयफोनवरील सफारी ती ॲड्रेस बार आक्रसलेला आहे असे धरून मोजते आणि खालचा भाग झाकला जातो. त्याऐवजी ॲड्रेस बार उघडला-आक्रसला की त्याप्रमाणे बदलणारे ‘डीव्हीएच’ हे एकक वापरावे, मजकूर खिडकीच्या आतच सरकू द्यावा आणि बटण वरच्या कोपऱ्यात ठेवावे. अशी खिडकी दाखवण्यासाठीचा ‘डायलॉग’ हा एचटीएमएलमधील (वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील) तयार घटक मार्च २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिन्हींत चालत असताना जुन्या जोडजाडीवर विसंबण्याचे कारण नाही. संबंधितांनी कंत्राटदाराकडून काम स्वीकारण्यापूर्वी ते खऱ्या फोनवर तपासून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, महाल, नागपूर