पीठ पुरे, डिपॉझिटचं बघा

माननीय संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान तीनवर 'गरजू कुटुंबांना शिधा वाटप' ही बातमी फोटोसह वाचली. संस्थेचं अभिनंदन. एका पिशवीला हात लावून डझनभर मान्यवर उभे आहेत. जिला पिशवी मिळाली ती बाई कुठे आहे, हे भिंग घेऊनही सापडलं नाही. असो.

पिशवीत काय, तर गव्हाचं पीठ आणि तांदूळ. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकटच मिळतंय. म्हणजे डब्यात आहे तेच पुन्हा. तेल, डाळ, गॅस विकतच.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी मूळच्या सुरगाण्याकडच्या, राहायला सातपूरला. उन्हाळ्यात घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली. सिंहस्थाच्या कामावरचे मजूर ठेवायला ठेकेदार जास्त भाडं देतोय म्हणे. करारनामा नाही, पावती नाही. (भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी 1999 च्या कायद्यानं मालकावर टाकलीय. विचारतो कोण?) नव्या खोलीचं डिपॉझिट हवं होतं, म्हणून त्यांना घेऊन मी अशाच एका संस्थेत गेले. तिथल्या ताईंनी फार गोड बोलून नाशिकचं रेशनकार्ड मागितलं. गावाकडचं चालणार नाही. अहो, त्याच कार्डावर सातपूरचा दुकानदार अंगठा घेऊन धान्य देतो! सरकारला चालतं ते दानशूरांना चालत नाही. आणि डिपॉझिट? "आमच्याकडे तशी योजना नाही, काकू." पिठाची पिशवी होती, पण तीही नाशिकचं कार्ड आणल्यावर.

मावशींनी कानातलं गहाण टाकलं. आता व्याज जातंय, म्हणून आधी पोरांचं दूध बंद झालं, मग रोजची डाळ एक दिवसाआड. भाडं आणि जेवण एकाच पाकिटातून जातं, हे या मंडळींना कोणी सांगावं? डिपॉझिट तर खोली सोडताना परत मिळणारा पैसा. संस्थेनं तो थेट मालकाला द्यावा, परत आला की पुढच्या कुटुंबासाठी वापरावा. डिपॉझिटसोबत फोटो कसा काढायचा, ही अडचण मात्र खरी आहे.

तुमच्याकडेही एक तक्रार. फोटोखाली सगळ्या पाहुण्यांची नावं पदांसकट छापलीत. संस्थेचा पत्ता, वेळ, कागदपत्रं कोणती लागतात, यातलं एक अक्षर नाही. बातमी वाचून एखाद्या गरजूनं जायचं ठरवलं, तर जायचं कुठे?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक