मावशी, तुम्ही बाळंतिणीचे पैसे घेतलेत

प्रिय मावशींना सप्रेम नमस्कार,

फोन केला तर तुम्ही "जेवली का?" एवढंच विचारून ठेवून देता. समोर बसून बोलायला गेलं की "पुरे वो, मले अजून दोन घरं हायेत" म्हणत सायकल काढता. म्हणून लिहिते आहे. तुमची नात मोबाईलवर उघडून देईल, वाचाल तुम्ही सावकाश. सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहिते. नागपुरात नंदनवनापासून वाठोड्यापर्यंत किती लेकरांना तुम्ही न्हाऊ घातलंत ते गल्लोगल्ली माहीत आहे. ज्या घरी न्हाऊ घालायला लेकरूच नव्हतं तिथे तुम्ही काय केलंत, ते मात्र कोणाला ठाऊक नाही.

मे महिना होता. तुमच्याशी बोलणं आधीच झालेलं: आई आणि बाळ दोघांची मालिश, सव्वा महिना. नववा लागला होता, आणि एका दुपारी पोटातली हालचाल थांबली. सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत. पुढचं लोकांना सहसा माहीत नसतं, त्यांना वाटतं अशा वेळी डॉक्टर पोट उघडून बाळ काढून घेत असतील. तसं नसतं. आईच्या जिवाला धोका नसेल तर सिझेरियन टाळतात, कळा आणायच्या गोळ्या देतात, आणि बाळंतपण जसं व्हायचं तसंच होतं. कळा त्याच, टाके तेच, रक्त तेवढंच. रडण्याचा आवाज तेवढा शेजारच्या टेबलावरून आला.

मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. "आईला दाखवू नका, जीव अडकतो" असं आमच्याकडच्या मोठ्यांचं म्हणणं पडलं. रात्रपाळीच्या एका सिस्टरनी कोणाला न विचारता तिला हिरव्या कापडात गुंडाळून आणलं आणि माझ्या हातावर ठेवलं. त्या सिस्टरचेही या पत्रात आभार. सकाळी हे आणि माझे दीर तिला घेऊन गंगाबाई घाटावर गेले. इतक्या लहान लेकराला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. बायकांना नेत नाहीत. मी वॉर्डातच होते.

घरी आल्यावर आईने तुम्हाला फोन करून सांगितलं, आता येऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात. आई म्हणाली, "मावशी, बाळ नाही हो." तुम्ही चप्पल काढत होतात. "मालूम हाय. बाळंतीण कुठं हाय?"

आई गप्पच झाली. तुम्हीच पुढे म्हणालात, "लेकरू नाई म्हनून आंग बाळंतलं नाई का?"

मावशी, तोवर घरात माझं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. आजारी म्हणावं तर आजार नाही. बाळंतीण म्हणावं तर पाळणा नाही. माजघरात सुतक धरायचं की सोयर, की दोन्ही नाही, यावर वडीलधाऱ्यांचा खल चाललेला. तुम्ही खोलीत आलात, खिडक्यांचे पडदे सारले, उन्हाळा म्हणून तिळाचं तेल बाजूला ठेवून खोबरेल घेतलंत आणि पायांपासून सुरुवात केलीत. पोटावर हात हलका. मग जुन्या सुती साडीची पट्टी करून पोट बांधलंत. शेकशेगडी त्या पंचेचाळीस डिग्रीत तुम्हीच रद्द केलीत, तेवढी मेहरबानी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तुमचा हात थांबला नाही. "रड वो. कूलर चालू हाय, बाहेर ऐकू नाई जात."

मग तुम्ही विचारलंत, "केस होते का?"

मला आधी कळलंच नाही तुम्ही काय विचारताय. तोपर्यंत लोकांनी बरंच विचारलं होतं. पपई खाल्ली होती का, ग्रहणात बाहेर पडली होतीस का, शेवटपर्यंत स्कूटी चालवली म्हणे. कारणांची ही यादी प्रत्येकाच्या खिशात तयारच असते. डॉक्टरांनी यातल्या एकालाही कारण मानलं नाही. वार तपासायला पाठवली, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, साखर नाही, बीपी नाही, कशातच काही निघालं नाही. असं पुष्कळदा होतं म्हणाले. पण माझ्या मुलीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत. केस होते का, वजन किती भरलं, नाक कोणावर गेलं होतं, बोटं लांब होती का. शेकडो बाळं हातांखालून गेलेल्या बाईने विचारावेत तसे साधे प्रश्न. मी सांगितलं: केस होते, भरपूर, कपाळापर्यंत आलेले. नाक आमच्या यांचं. तुम्ही म्हणालात, "मंग दाट केस झाले असते तिले." आणि दुसरा पाय घेतलात. मी त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.

दूध आलं त्याबद्दल लिहू की नको, असा विचार करत होते. लिहिते, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं. बाळ जिवंत असो वा नसो, वार पडली की शरीराला दूध करायचा निरोप जातो आणि दोन-चार दिवसांत छाती भरून येते. ते थांबवायची गोळी असते. मला डिस्चार्ज देताना ती कोणाच्या लक्षात आली नाही. ब्लाउज ओला झालेला पाहून मी बाथरूममध्ये जाऊन बसले होते. तुम्ही बाहेरून दार वाजवलंत आणि सरळ कामाच्या गोष्टी सांगितल्यात. जास्त पिळू नको, पिळलं का अजून येते. ठणकलं तर जीवाले बरं वाटेल एवढंच काढ. घट्ट बसेल अशी बॉडी घाल. थंड पाण्याच्या घड्या ठेव. बर्डीवरून मोगऱ्याची फुलं आणून फडक्यात बांधून दिलीत, जुन्या बायका याने दूध आटवायच्या म्हणून. आईने हौसेने करून ठेवलेले लाडू माळ्यावर लपवले होते, तो डबा तुम्ही खाली काढायला लावलात. "कोनासाठी ठेवला तो? बाळंतिनीचाच हाय ना?" पण त्यातले मेथीचे वेगळे काढलेत, अळिवाची खीर बंद केलीत, त्यानं दूध वाढते म्हणून. डिंकाचा अर्धा लाडू, तोही सकाळीच. आणि एका बाजूला लाल चट्टा दिसून अंग तापलं, त्या दिवशी मोगरा बाजूला फेकून "हे माह्यं काम नोहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे" म्हणत यांना ऑफिसातून बोलावून घेतलंत. घरचं कुठे संपतं हे इतकं नेमकं कळणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

आता पैशांचं. सव्वा महिना भरला तेव्हा आईने पाकीट पुढे केलं आणि ती संकोचून म्हणाली, "मावशी, तुम्ही मनाने केलंत हे, पैसे कसे द्यायचे." तुम्ही पाकीट उघडून तिथेच मोजलंत. बाळाच्या मालिशीचे वेगळे काढून परत दिलेत, माझे पूर्ण ठेवलेत. "बाळंतिनीची मालिश केली, बाळंतिनीचे पैसे घेतले." रिवाजाची साडीचोळीही घेतलीत, रंग आवडला नाही हेही सांगून टाकलंत. घरी येणारा प्रत्येक जण तेव्हा माझ्यावर उपकार केल्यासारखा हळू आवाजात बोलायचा. तुम्ही भाव ठरवून कामाला आलात, काम केलंत, पैसे घेतलेत. मला त्याचं किती बरं वाटलं हे आईला अजून पटत नाही.

तुमच्या त्या पहिल्या दिवशीच्या बोलण्याला पुढे कायद्याचाही आधार निघाला, ते सांगायचं राहिलंच. माझ्या ऑफिसातून निरोप आला की बाळ नाही म्हणजे गर्भपाताची सहा आठवड्यांची सुट्टी. अकाउंट्समधली माझी एक मैत्रीण भांडखोर आहे. तिने तेव्हा लागू असलेला 1961चा मातृत्व लाभ कायदा काढला. त्यात गर्भपात म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा. त्यापुढचं ते बाळंतपण. आणि तिसऱ्या कलमातच लिहिलंय की 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. म्हणजे 2017च्या दुरुस्तीनंतर मिळते ती पूर्ण 26 आठवड्यांची रजा. तिने तो कागद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि रजा मिळाली. (केंद्र सरकारी नोकरीत असणाऱ्यांसाठी सप्टेंबर 2022च्या आदेशाने 60 दिवसांची खास रजा आहे, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.) जन्म-मृत्यूच्या नोंदीत मात्र माझी मुलगी जन्मातही नाही आणि मृत्यूतही नाही. अशा बाळांचा तिसरा वेगळा फॉर्म असतो, उपजत मृत्यूचा. त्यावर आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, गर्भ किती आठवड्यांचा तेही आहे. बाळाच्या नावाला रकाना नाही. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "सरकारले नाव कायले पायजे? तुले मालूम हाय, मले मालूम हाय."

तुम्हीच मला हेही सांगितलंत की आमच्या लायनीत आणखी तीन घरी असं झालेलं आहे. "नावं नाई सांगत." तुमच्या पोटात एरवी गोष्ट टिकत नाही, हे तुम्हीही मान्य कराल, पण ही टिकली. त्यांना तुम्ही काय सांगितलंत माहीत नाही. एक-एक करून त्या आपणहून आल्या. एक काकू भाजी निवडायला घेऊन आल्या आणि अर्धी जुडी निवडून झाल्यावर बोलल्या. माझी सख्खी आत्या उमरेडहून आली. लहानपणापासून तिच्या अंगाखांद्यावर वाढले, तिच्या पहिल्या मुलाबद्दल मला शब्दाने माहीत नव्हतं. "पुढच्या वर्षी तो चाळीस वर्षांचा झाला असता," म्हणाली, आणि मग सून कशी आणली असती यावर आम्ही दोघी तासभर बोलत बसलो. हसलोही. आत्या किती जोरात हसते तुम्ही ऐकलंय.

पोळ्याचा दिवस तुम्हाला आठवत असेल. मालिश संपून दोन-अडीच महिने झाले होते. संध्याकाळी पिठोरीची पूजा. सासूबाई म्हणाल्या, यंदा तू राहू दे, ते लेकुरवाळ्यांचं असतं. त्या वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत, मला त्रास नको म्हणूनच म्हणाल्या. तुम्ही नातवाचा लाकडी बैल रंगवायला ब्रश मागायला आला होतात. म्हणालात, "कहानी कोनाची हाय ते तरी ऐका."

खरंच की. खीरपुरी कधी मिळते याची वाट बघत ही कहाणी दर वर्षी ऐकली, पण ती कोणाची आहे हे कधी मनावर घेतलं नव्हतं. दर श्रावणी अवसेला सून बाळंत होते आणि मूल जातं. सासऱ्याच्या घरी श्राद्धाचा खोळंबा होतो, म्हणून शेवटी तो तिला मेलेलं मूल ओटीत घालून रानात हाकलून देतो. तिला 'तू अशी जिवावर उदार का झालीस' असं विचारणारी पहिली बाई कोण, तर झोटिंगाची बायको. घरातलं कोणी नाही, सोयऱ्यांतलं नाही. भुताची बायको विचारते, ऐकून घेते आणि पुढची वाट दाखवते. कहाणीत पुढे चौसष्ट योगिनी तिची सगळी मुलं उठवून परत देतात. तो भाग आला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मीही तुमच्याकडे पाहिलं नाही.

पण पूजा केली. सासूबाईंनीच पाट मांडला. खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून मी विचारलं, "अतीत कोण?" मागून 'मी' म्हणायचं ते लेकराने, म्हणून पुढे काय असं होऊन सगळे थांबले. तुम्ही मागून ताट काढून घेतलंत. "मी हावो. दे इकडे, पुऱ्या थंड होऊन रायल्या." सासूबाईंना आधी हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागत फिरत होती आणि आमचं दार वगळून पुढे जात होती. आयांनी सांगून ठेवलं असणार. तुमचा नातू मात्र चाकाचा बैल घरंगळवत थेट आत आला, मागोमाग आख्खी पलटण. सुटे पैसे संपले म्हणून यांना चौकातल्या पानठेल्यावर पळावं लागलं.

तर मावशी, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. आणि एक काम आहे. मानेवाड्याकडे एक मुलगी आहे, माझ्या भांडखोर मैत्रिणीची मावसबहीण. परवा तिचं माझ्यासारखंच झालं. तिच्या सासूचा तुम्हाला फोन येईल. "नुसती आईची मालिश करता का?" असं जरा चाचरत विचारतील. सकाळी आठच्या आधी जा म्हणजे ऊन लागणार नाही, आणि पैसे ठरवून घ्या. तिच्या बाळाला खूप केस होते म्हणे. तिला विचारा.

तुमची,
दुसऱ्या माळ्यावरची बाळंतीण
नंदनवन, नागपूर