जेल रोडच्या गेमवाल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. इंदुरात राजवाड्यापासून रामबागेपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या माळ्यावर कॅसेटवाला टीव्ही गेम पडून आहे, त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र. दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतलेत, ते चुकते झाले. पण दर वेळी टेबलावरचा दिवा गिऱ्हाइकाकडे वळवून "हे बघा, इथे गेलंय" असं दाखवलंत, त्याचं बिल कधी लावलं नाहीत. आभार त्याचे.

"चालूच होत नाही" म्हणून कुणी डबा पुढे केला की तुम्ही आधी अ‍ॅडॉप्टर मागता. 1983 च्या मूळ फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी टीव्ही गेमच्या, पिनेत मध्ये निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक गेम त्याच्याच नकला, आणि आज दुकानात मिळणारे अ‍ॅडॉप्टर बहुधा मध्ये पॉझिटिव्हवाले. उलटा लागला की आतला 7805, म्हणजे 5 व्होल्ट काढून देणारा तीन पायांचा रेग्युलेटर, किंवा त्याच्या शेजारचा कपॅसिटर जातो. तपासायचं कसं, तेही तुम्हीच दाखवलंत. अक्षरांची बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावा इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मल्टिमीटरचा काळा प्रोब मधल्यावर, लाल उजव्यावर. 4.8 ते 5.2 व्होल्ट आले तर ठीक. कमी आले तर इनपुट बघायचा, तिथे निदान 7 हवेत. जुना ट्रान्सफॉर्मरवाला 9 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मोकळा मोजला तर 12-13 दाखवतो. तो बिघडलेला नसतो, लोड आला की खाली येतो. कित्येक चांगले अ‍ॅडॉप्टर या एका गैरसमजापायी भंगारात गेलेत.

5 व्होल्ट आहेत, तरी पडदा कोरा? मग कॅसेट. फुंकर मारायची सवय तुम्ही सगळ्यांची मोडलीत. फुंकरीने गेम चालतो असं वाटतं, कारण कॅसेट काढून परत बसवली जाते. तोंडातली वाफ मात्र आतल्या 60 पट्ट्यांवर बसून त्या काळवंडतात. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुसणं. बड काळा येणं थांबेपर्यंत बड बदलत राहायचं, मग दहा मिनिटं सुकू द्यायचं. पॉलिशपेपर अजिबात नाही. वरचा मुलामा पातळ असतो. तो गेला की उघडं पडलेलं तांबं हिरवं होत जातं.

नव्या रिमोटचं दुखणं निराळं. हात न लावता खेळाडू डावीकडे चालत सुटतो, त्यालाच ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे फिरवलं की रोध बदलणारे भाग, 10 किलोओहमचे. त्यांचा कार्बनचा थर घासून घासून झिजतो. स्प्रे मारला की चार दिवस बरं वाटतं, कारण कचरा निघतो. झिजलेला कार्बन काही परत येत नाही. बदलायचा तर सगळा मॉड्यूल, म्हणजे 14 टाके. ग्राउंडचे टाके उष्णता ओढून घेतात, म्हणून तुम्ही आधी त्यांवर शिशाचं ताजं सोल्डर चढवता, मग विकने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, सगळं शोषून घेता. मॉड्यूल स्वतःहून हलेपर्यंत ओढायचा नाही; ओढला की बोर्डावरची पट्टी उखडून येते आणि दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. हॉल सेन्सरवाला, म्हणजे चुंबकावर चालणारा, बसवला तर घासणारं काही उरत नाही, पण बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकची मधली जागा नव्याने ठरवणं, करावंच लागतं, नाहीतर ड्रिफ्ट होता तसाच. हे शेवटचं वाक्य बरेच कारागीर सांगत नाहीत.

आणि टीव्हीवरची बदकं मारायच्या गेमची बंदूक! एलसीडीवर ती का चालत नाही, हे तुमच्याइतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक काळ्यानंतरचा पांढरा शोधते; म्हणून बल्बवर रोखून तिला फसवता येत नाही. एलसीडीवर चित्र थोडं उशिरा उमटतं, तोवर तिची वेळ टळलेली असते. वर तिच्यातलं सर्किट पिक्चर ट्यूबच्या साधारण 15 किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच ओळखतं. म्हणजे बंदूक ठेवायची तर जुना टीव्हीही ठेवायचा. त्याचं मागचं झाकण उघडायला मात्र तुम्ही कधीच शिकवलं नाहीत. वीस हजारांवर व्होल्ट ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही थांबून राहू शकतात, एवढं सांगून विषय संपवलात. बरं केलंत.

आपले,
इंदूरचे जुने गेमवाले

ता. क. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, जवळ आलीय. गुलाल उडण्याआधी कन्सोल कापडात गुंडाळा, हा तुमचा निरोप आम्ही घरोघरी पोचवतोय. ब्लोअर मारताना कन्सोलमधला पंखा इअरबडच्या काडीने अडवायचा, मोकळा भिरभिरू द्यायचा नाही, हेही त्यात जोडलंय.